फोनच्या तारेवरचा कट्टा : अतुल चिटणीस यांची आठवण

आज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मिनिटभरात तयार होतो. पण १९८९मध्ये? तेव्हा देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला अजून सहा वर्षं होती. त्याच वर्षी बेंगळुरूत अतुल चिटणीस यांनी ‘सीआयएक्स’ हे बुलेटिन बोर्ड सुरू केलं.

ते चालायचं कसं? घरच्या कॉम्प्युटरला मोडेम जोडायचा आणि फोन लावायचा. पलीकडच्या कॉम्प्युटरनं तो उचलला, की इतरांचे निरोप वाचायचे आणि आपला लिहून ठेवायचा. घरात कुणी मध्येच रिसीव्हर उचलला, की संपर्क तुटलाच! तरी एकट्यानं धडपडणाऱ्यांना विचारायला हक्काची जागा मिळाली.

बर्लिनमध्ये १९६२ साली जन्मलेले चिटणीस वाढले, शिकले ते आपल्या बेळगावात. बोलणं रोखठोक, त्यामुळे वादही होत. पण माहिती वाटण्यात हात कधी आखडला नाही. लिनक्स फुकट होतं, पण तेव्हाच्या संथ फोनलाइनवरून उतरवणार कसं? १९९६मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत त्याची सीडी देण्याच्या उपक्रमात ते पुढे होते. मासिकाच्या किमतीत अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम घरी आली. २००१पासून बेंगळुरूत त्यांनी लिनक्सप्रेमींचे मेळावेही भरवले.

३ जून २०१३ रोजी, अवघ्या ५१व्या वर्षी, कर्करोगानं त्यांना नेलं.

तुम्हालाही कीबोर्डवर पहिली अक्षरं कुणी दाखवली असतील. ताई, काका, शेजारचा दादा. आज त्यांना एक फोन नक्की करा.