तरणतलावाचे ऊन पाणी : आधी हिशेब
शहादा तालुक्यातच उनपदेवाला निसर्ग ऊन पाणी फुकट देतो. म्हसावदच्या अंगणातील तरणतलावाला मात्र पैसे मोजावे लागतात. 20 हजार लिटर पाणी 10 अंशांनी तापविण्यास 2 लाख किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो एलपीजी सुमारे 11 हजार देतो; हीटरची कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर 23 किलो गॅस जळेल. एवढ्यात 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडरही अपुरा! हे काम 24 तासांत व्हावयाचे, तर पाण्याला निव्वळ 10 किलोवॅट उष्णता मिळाली पाहिजे. बाष्पीभवनाची तूट निराळी. म्हणून मोठ्या हीटरआधी आच्छादन घ्यावे.

हीटर उघड्यावरच बसवावा. कोंदट खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गळालेला एलपीजी हवेहून जड असल्याने तळघरात उतरतो.