जुन्या यंत्राला दुसरं आयुष्य

इंग्लंडमध्ये काही लोकांना एक आगळा छंद आहे. हिरवळ कापण्याची जुनी, गंजलेली यंत्रं विकत घ्यायची आणि ती पुन्हा चालती करायची. या यंत्राचा जन्मही तिथलाच. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरचे तंतू फिरत्या पात्यांनी सारखे कापले जात. त्यावरून एडविन बडिंग या कारागिराला हिरवळीसाठी तशीच युक्ती सुचली. १८३० मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याआधी हे काम लांब दांड्याच्या विळ्याने होई.

छंदी माणूस आधी फोटो काढतो, मग एकेक भाग सुटा करतो. जाम झालेल्या नट-बोल्टला तेल पाजून थांबतो; घाई केली की बोल्ट तुटतो. खरी कसोटी शेवटी. फिरती पाती आणि खालचं स्थिर पातं यांमध्ये कागदाची पट्टी धरायची, बोटं लांब ठेवून पाती हळू फिरवायची. कागद कात्रीने कापावा तसा सरळ कापला गेला, की जमलं.

इसराफ केवळ ताटातल्या अन्नाचा होत नाही. दादीच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला म्हणून आपण ते भंगारात देतो. त्याबरोबर घरातलं हुनरही जातं. आम्ही शिक्षक वर्गात पाहतो, मोबाइल सफाईने चालवणाऱ्या मुलांना स्क्रू कोणत्या बाजूने सुटतो ते ठाऊक नसतं. या सुट्टीत घरातलं एखादं बंद घड्याळ किंवा ते मशीन त्यांच्यापुढे ठेवूया, आपणही शेजारी बसूया. वस्तू चालू झाली तर अल्हम्दुलिल्लाह. नाही झाली, तरी हात शिकतील.