चारित्र्याचा दाखला

परवां माझा एक जुना विद्यार्थी सरकारी नोकरीचा पडताळणी-अर्ज घेऊन आला. ‘कधीं अटक झाली होती काय?’ या प्रश्नापाशीं त्याची लेखणी अडली होती. महाविद्यालयांत असतांना मिरवणुकींतील हाणामारींत त्याला अटक झाली, खटला चालला, तो निर्दोष सुटला. “गुरुजी, सुटलों आहें, तर ‘नाहीं’ लिहूं ना?”

येथेंच पुष्कळ जण फसतात. पोलिसांचा दाखला माणसाची पारख करीत नाहीं (तें आम्हां शिक्षकांनाही जमत नाहीं!), तो दप्तरांतील नोंद तेवढी सांगतो. अटक निराळी, आरोप निराळा, शिक्षा निराळी. ‘शिक्षा झाली काय?’ असें विचारलें असतें तर त्याचें ‘नाहीं’ खरें ठरलें असतें. अटकेच्या प्रश्नाला तेंच उत्तर खोटें.

सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अवतार सिंग यांच्या प्रकरणांत हा विषय उलगडला आहे. जें स्पष्टपणें विचारलें, तें खरें सांगितलें पाहिजे. जें विचारलेंच नाहीं, तें लपविलें असा ठपका ठेवतां येत नाहीं. तारुण्यांतील क्षुल्लक प्रकरण दडविलें तरी नेमणूक करणारा तें पोटांत घालूं शकतो. पण तो त्याचा अधिकार, उमेदवाराचा हक्क नव्हे. उलट, सारें खरें लिहूनही नेमणूक मिळेलच असें नाहीं.

विद्यार्थ्यानें ‘होय’ लिहिलें व निकालाची प्रमाणित प्रत अर्जास जोडली. नेमणुकीचें पत्र अद्याप आलेलें नाहीं.