होडीची गादी घरच्या मशीनवर

मासेमारीच्या पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या यांत्रिक नौका बंदरातच असतात. बैठकीच्या गाद्या शिवायला याहून चांगले दिवस नाहीत.

पायमशीन खोळीच्या रेक्झिनचे दोन-तीन पदर सहज शिवते. सुई १६ किंवा १८ नंबरची घ्या आणि दोरा पॉलिस्टरचाच. सुती दोरा खाऱ्या ओलीत कुजतो. टाका मोठा ठेवा, साधारण ४ मिलिमीटर. बारीक टाक्यांनी रेक्झिनला अगदी लागून-लागून भोकं पडतात आणि ते नेमकं शिवणीवरच फाटतं. टाचणीचं भोकही बुजत नाही, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. मशीनचा दाबफूट चिकटून कापड सरकेना, तर वर पातळ कागद ठेवून शिवा, मग तो फाडून काढा. जाड कोपऱ्यावर मात्र पाय थांबवून चाक हातानेच फिरवा, नाहीतर सुई मोडते.

साधा स्पंज पाणी पितो. आत पाणी न शोषणारा ईपीई फोम भरा. चेन प्लॅस्टिकची हवी. खालच्या बाजूला जाळीचं कापड लावलंत की आत शिरलेलं पाणी निथळून जातं.

गादी तरंगली तरी ती लाइफ जॅकेट नव्हे. जॅकेट अंगात हवंच.