गुन्हेशोधासाठी दैवी कौल

चोरी, खून किंवा बेपत्ता होण्याच्या प्रकरणात साक्षी-पुराव्याऐवजी देव, आत्मा, ग्रहगती किंवा मंत्रशक्ती यांच्याकडून गुन्हेगाराचे नाव जाणून घेण्याच्या प्रथेस गुन्हेशोधासाठी दैवी कौल घेणे असे म्हणता येईल. महाराष्ट्रात ही प्रथा अनेक रूपांत आढळते. तिच्याशी संबंधित सर्वाधिक चर्चिलेला वाद २०१४ साली पुण्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाच्या तपासासंदर्भात उद्भवला.

प्रचलित प्रकार

ग्रामीण भागात चोरी झाल्यावर भगत किंवा देवऋषी यांच्याकडे जाण्याची रीत होती व काही ठिकाणी ती अद्याप आहे. मंतरलेली वाटी जमिनीवर फिरवून ती कोणाच्या दाराशी थांबते ते पाहणे, लहान मुलाच्या अंगठ्याच्या नखावर काजळ लावून त्यात चोराचा चेहरा 'दाखविणे', अंगात आलेल्या व्यक्तीस प्रश्न विचारणे आणि संशयितांना मंतरलेले तांदूळ चघळावयास देणे हे त्यांतील परिचित प्रकार होत. कोकण व गोव्यात देवाच्या मूर्तीस फुले किंवा पाकळ्या चिकटवून कौल घेतात. ज्योतिषी हरवलेल्या वस्तूसाठी प्रश्नकुंडली मांडतात. सुशिक्षित कुटुंबांत मृतात्म्याशी संवाद साधण्यासाठी प्लँचेटचा वापर होत असे.

दिव्यपद्धती

कौल आणि दिव्य यांत भेद आहे. कौलाने अज्ञात गुन्हेगार शोधला जातो, तर दिव्याने ज्ञात आरोपीचा खरेखोटेपणा ठरविला जातो. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष व कोश ही पाच दिव्ये सांगितली आहेत. इतर स्मृतींत चोरीच्या आरोपासाठी तंदुलदिव्य सांगितले आहे. त्यात आरोपीने चघळून थुंकलेल्या तांदळात रक्त दिसल्यास तो दोषी मानला जाई. मराठेशाहीत, विशेषतः वतनाच्या वादांत, 'रवा' काढण्याचे दिव्य होत असे. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, नंतर हात बांधून त्यावर मोहोर करावयाची आणि ठरलेल्या दिवशी तो उघडून पाहावयाचा, अशी ही पद्धत होती. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ सालच्या ग्रंथात दिव्यांचे विवेचन आहे.

युरोपातही अशी दिव्ये होती. १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना त्यांत भाग घेण्यास मनाई केली. तरीही १६९२ साली फ्रान्समधील लियाँ येथे एका मद्यविक्रेत्या दांपत्याच्या खुनाचा माग काढण्यासाठी झाक एमार या शेतकऱ्याच्या हातातील फांदीचा आधार घेण्यात आला व तिने दर्शविलेल्या एका तरुणास देहदंड झाला. पुढे पॅरिसमध्ये घेतलेल्या चाचण्यांत एमार अपयशी ठरला.

कार्यकारणभाव

वाटी किंवा प्लँचेट आपोआप सरकल्याचा भास होतो. प्रत्यक्षात धरणाऱ्यांच्या स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालींमुळे ती सरकते. १८५३ साली मायकेल फॅरडे यांनी फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून हेच दाखविले. परिणामी वाटी बहुधा ज्याच्यावर गावाचा आधीच संशय आहे अशाच व्यक्तीकडे जाते. तांदळाच्या कसोटीत भीतीने तोंड कोरडे पडते. परंतु भीती निरपराध माणसासही वाटते. अशा वेळी खरा चोर सुटतो, आणि गरीब, एकटा किंवा गावाबाहेरचा माणूस चोर ठरण्याचा धोका राहतो.

भाकिताची सांख्यिकीय कसोटी महाराष्ट्रातच झाली आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना कुंडल्या देऊन त्या हुशार मुलांच्या की मतिमंद मुलांच्या हे ओळखण्यास सांगितले. प्रत्येकी ४० कुंडल्यांची उत्तरे देणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के होते. नाणेफेकीनेही सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर येतात.

दाभोलकर खून तपास आणि प्लँचेटचा वाद

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळील पुलावर गोळ्या झाडून हत्या झाली. जुलै २०१४ मध्ये 'आउटलुक' नियतकालिकाने या तपासात पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप प्रसिद्ध केला. पुण्याच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांनी तो फेटाळला. ज्या व्यक्तीने आयुष्यभर अशा प्रथांना विरोध केला, तिच्याच खुनाच्या तपासात मृतात्म्याची साक्ष काढली गेली काय, या प्रश्नामुळे हा वाद राज्यभर गाजला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हा तपास मे २०१४ मध्येच केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला होता. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली व तिघांना निर्दोष मुक्त केले. या निकालात प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी महत्त्वाच्या ठरल्या.

कायदेशीर स्थिती

दाभोलकरांच्या हत्येनंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने त्यास कायद्याचे रूप दिले. अनुसूचीतील कृत्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून लोकांत भीती निर्माण करणे आणि एखाद्यावर करणी केल्याचा ठपका ठेवणे ही कृत्ये त्यात येतात. ज्योतिषी व नंदीबैलवाले यांचा सल्ला मात्र कायद्याने वगळला आहे. त्यामुळे चोरीसंबंधी ज्योतिषाला प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही; तथापि त्याने सांगितलेले नाव न्यायालयात पुरावा ठरत नाही. त्या नावाच्या आधारे एखाद्यास मारहाण केल्यास किंवा बदनाम केल्यास सामान्य फौजदारी कायदा लागू होतो.