मालमोटारीवरील मुक्कामाची पेटी

अणदूरच्या खंडोबाचे बिऱ्हाड दरसाल हलते. देव सुमारे सव्वादहा महिने अणदुरास व पावणेदोन महिने नळदुर्गास असतो, आणि त्याच्यामागे भाविकांचीही बिऱ्हाडे हलतात. पूर्वी ही बिऱ्हाडे बैलगाडीवर असत. गाडीवर कामट्यांची कमान, तीवर तट्टा, आत कडब्याचा थर आणि वर वाकळ, एवढ्या सामग्रीत यात्रेचे चार दिवस सुखाने निघत. आज बैलगाडीची जागा पिकअपने व मालमोटारीने घेतली आहे. परंतु गाडीवरचा निवारा मात्र मागेच राहिला. पौष पौर्णिमेची थंडी असो, आषाढीचा पाऊस असो, की कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात पडलेला मुक्काम असो, शेतकरी पोत्यांवर ताडपत्री ओढून निजतो. हौद्यावर बसविता व उतरविता येईल अशी निवाऱ्याची पेटी गावच्या सुतार-लोहाराकडून कशी करवून घ्यावी, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही पेटी मुक्कामाची होय, प्रवासाची नव्हे. गाडी उभी असता तीत निजावे. गाडी चालू असता तीत माणूस असू नये. पुढील सर्व रचना ह्याच एका नियमास धरून आहे.

चाकावरचे घर ही कल्पना नवी नाही. राजस्थानातील गाडिया लोहारांनी पिढ्यान् पिढ्या गाडीलाच घर मानले. अमेरिकेच्या वायोमिंग प्रांतात मेंढपाळांसाठी केलेली निवाऱ्याची गाडी तर आपल्याला मुद्दाम अभ्यासण्यासारखी आहे. तिचे श्रेय रॉलिन्स गावच्या जेम्स कँडलिश ह्या लोहारास देतात व साल १८८४ सांगतात. तीत बिछाना मागल्या अंगास आडवा, त्याखाली सामान, बिछान्याखालून ओढून काढण्याचे मेज, चूल दाराशी, आणि दार दोन तुकड्यांचे, म्हणजे खालचा अर्धा भाग लावून वरचा वाऱ्यासाठी उघडा ठेवता येईल असे. थोड्या जागेत संसार कसा मांडावा, ह्याचा हा उत्तम धडा आहे.

वजनाचा हिशेब

पेटी करण्यापूर्वी नोंदणीपुस्तकातील भाराचा आकडा पाहावा. उदाहरणार्थ, नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद व पाच फूट उंच पेटी घेऊ. एक इंची चौकोनी लोखंडी नळी, दोन मिलिमीटर जाडीची, सुमारे १४० फूट लागेल. तिचे वजन साधारण ६० किलो. तळास १२ मिलिमीटर प्लायवुड ३६ किलो. भिंतींस ६ मिलिमीटर प्लायवुड १४५ चौरस फूट, म्हणजे ५४ किलो. छपरास पत्रा व त्याखाली प्लायवुड मिळून ३६ किलो. बाके व पेट्या ६० किलो, उतरविण्याचे पाय व वासे ४० किलो. एकंदर सुमारे २९० किलो झाले. त्यात शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो व अंथरूण-भांड्यांचे शंभर किलो मिळविले, तरी सर्व भार पाचशे किलोंच्या आत राहतो.

ह्याउलट हौसेने भिंतींस एक इंची सागवानी फळ्या मारल्या, तर केवळ भिंतीच सव्वादोनशे किलोंच्या होतील. मजबुती सांगाड्याच्या तिरप्या आधारांनी येते, फळीच्या जाडीने नव्हे.

उंचीचा मोहही आवरावा. हौदा जमिनीपासून तीन फूट धरला, तर पाच फुटी पेटीचे छप्पर आठ फुटांवर जाते. आत ताठ उभे राहण्यासाठी आणखी दीड फूट चढविल्यास वळणावर गाडी कलते व माळावरचा आडवा वारा तिला ढकलतो. आत बसता आणि निजता आले म्हणजे पुरे. पाण्याची टाकी तळाशी व मागल्या आसाच्या पुढे ठेवावी. जड वस्तू वर टांगू नयेत.

बसविणे व उतरविणे

चासीस कोठेही भोक पाडू नये; तेथूनच पुढे तडा जाण्याचा संभव असतो. पेटीच्या चारही कोपऱ्यांस पोलादी कड्या जोडून त्या हौद्याच्या मजबूत कड्यांशी टर्नबकलने ताणून बांधाव्यात. नुसत्या दोरावर विसंबू नये. दोर खड्ड्यांच्या हिसक्यांनी सैल पडतो. पेटीच्या तळाशी रबराच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे घसरण व खडखड दोन्ही थांबतात. पहिल्या दहा मैलांनंतर गाडी थांबवून सर्व आटे पुन्हा आवळावेत.

उतरविण्यासाठी तळाखाली दोन इंची जाड नळीचे दोन आडवे वासे सरकवावेत. ते गाडीच्या दोहों बाजूंस बाहेर यावेत व त्यांच्या चार टोकांस पाय बसावेत. पेटी रिकामी करून, जॅकने एकेक कोपरा थोडथोडा उचलावा व पाय लावावेत. सर्व भार पायांवर नीट आला म्हणजे गाडी सावकाश खालून काढून घ्यावी. ह्या वेळी पेटीखाली कोणी शिरू नये.

हवा, उष्णता व अग्नी

बंद पेटीत शेगडी कधीही नेऊ नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो, आणि निजलेला मनुष्य जागा होत नाही. राखेखालचा निखाराही तितकाच घातक असतो. स्वयंपाक बाहेरच करावा. त्यासाठी मागचे दार वर उचलून दोन काठ्यांवर टेकविले, की पावसात चुलीवर छत होते. गॅसची टाकीही आत ठेवू नये. तो वायू हवेहून जड असल्याने तळाशी साचतो.

वाऱ्यासाठी एक झरोका तळाजवळ व दुसरा समोरच्या भिंतीत छपराजवळ ठेवावा; दोहोंस बारीक जाळी लावावी व ते कधीही बुजवू नयेत. उन्हाळ्यासाठी पत्रा आणि आतील प्लायवुड ह्यांमध्ये दोन इंच पोकळी सोडून पत्र्यास पांढरा रंग द्यावा. दार आतूनही उघडणारे असावे, व त्याखेरीज माणूस बाहेर पडेल एवढी एक खिडकी असावी. दिव्याची तार बॅटरीजवळच फ्यूज घालून मगच पुढे न्यावी.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ दृढ केला. म्हणून पेटी काढती-घालती असली तरी काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

त्याहूनही गंभीर गोष्ट विम्याची आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतून जाणाऱ्या मालाच्या मालकास किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस विम्याचे संरक्षण मिळाले; परंतु फुकट बसविलेल्या इतर माणसांच्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. म्हणजे शेजाऱ्याची मुले प्रेमाने हौद्यात बसविली आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी गाडीमालकाची जमीन पणास लागू शकते. गेलेला जीव तर कोणत्याच रकमेने परत येत नाही.

उपयोग कोणास

पंढरीच्या दिंडीस ही पेटी विशेष सोयीची आहे. तेथे वारकरी पायी चालतात व सामानाची गाडी पुढे मुक्कामी जाते. म्हणून पेटीत बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि रात्री वृद्धांस व लेकुरवाळ्या बायांस कोरडी जागा मिळते. यात्रा संपल्यावर पेटी द्राक्षबागेच्या बांधावर उतरवावी. राखणदारास ती खोपीहून बरी. ऊसतोडीस आलेल्या कुटुंबातील बाळंतिणीस ती दिली, तर त्याहून चांगला उपयोग नाही. एकट्यास खर्च जड वाटल्यास चौघांनी मिळून एक करावी.

रंगकाम संपल्यावर दाराच्या दोन्ही बाजूंस मोठ्या अक्षरांत एवढे लिहून घ्यावे: गाडी चालू असता आत कोणी बसू नये.