खेळ बंद केल्याने वाचन सुधारत नाही

खो-खोच्या मैदानावर चपळ, पण पुस्तक उघडले की अडखळणारी मुले बहुतेक शाळांत असतात. सहामाहीचा निकाल हाती आला की पालकांचा उपाय ठरलेला: "आजपासून खेळ बंद!"

यांतील काही मुलांना अध्ययन अक्षमता असते. बुद्धी चांगली असते, पण अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. त्यामुळे जोडाक्षरे चुकतात, काना-मात्रा गळतात, वाचताना ओळ सुटते. हा आळस नव्हे. खेळ थांबवून ही सांगड बसत नाहीच, उलट शाबासकी मिळण्याची एकमेव जागा जाते. ब्रिटनचे नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना हाच त्रास होता. १९८४ ते २००० या काळात सलग पाच ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. अर्थात, पदक मिळाले तरच खेळू द्यावे असे नाही.

आपल्या जिल्ह्यात एक खबरदारी हवी. धडगाव-अक्कलकुव्याकडे अनेक मुलांच्या घरी भिली किंवा पावरी बोलतात, इतरत्र अहिराणी. शाळेची मराठी नवी असल्याने होणाऱ्या चुका म्हणजे अक्षमता नव्हे. म्हणून आधी डोळे व कान तपासून घ्यावेत, बोलीचा विचार करावा, मगच पुढची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा ही शंका त्यांच्या कानावर जरूर घालावी.

मैदानावरून दमून आलेल्या मुलाला लगेच पुस्तक देऊ नये. खाणे, थोडी विश्रांती, मग वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. धडा मोठ्या भावंडाने वाचून दाखवावा, मुलाने आधी तोंडी उत्तर द्यावे, नंतर लिहावे. झोप मोडून अभ्यास नको. स्पर्धेच्या आठवड्यात गृहपाठ किती, हे वर्गशिक्षक व क्रीडाशिक्षकांनी आपसांत ठरवावे. मुलाला मध्ये निरोप्या करू नये. काही मुलांचा डावे-उजवे यांत गोंधळ होतो. अशांना मैदानावर ओरडून सांगण्यापेक्षा हाताने दिशा दाखवावी.

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या आहेत. जादा वेळ ही त्यांतली मोठी सोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश आहे. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाचा दाखला लागतो. बुद्धिमापन व इतर चाचण्यांना अनेक फेऱ्या पडतात, तेव्हा दहावीचा फॉर्म भरायची वाट न पाहता आठवीतच मुख्याध्यापकांशी बोलावे.